‘केवळ प्रौढांसाठी’: जुनी पोस्टरं आणि रहस्यकथांची पुस्तकं कशी ओळखावीत, कशी जपावीत

चोरबाजारात मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानात घडी घातलेलं एक पोस्टर उलगडलं, तेव्हा आधी डोळ्यांत भरली ती काळी पट्टी. १९८०च्या दशकातला भयपट. लालभडक आभाळ, कोपऱ्यात पडकी हवेली, पुढे ओल्या साडीतली नायिका आणि तिच्या छातीवरून आडवी चिकटवलेली घोटीव कागदाची काळी पट्टी. पट्टी हाताने कापलेली होती, एका बाजूला अरुंद, दुसऱ्या बाजूला रुंद. खाली वाळलेल्या खळीचे ओघळ. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, पाण्याचा बोळा फिरवतो, दोन मिनिटांत निघेल. पोस्टर एकदम क्लीन.’’ मी त्याचा हात धरला आणि पोस्टर होतं तसं घेतलं.

ती पट्टी छापखान्यातून आलेली नव्हती. कुठल्या तरी थिएटरातल्या माणसाने, पोलिसांच्या किंवा मोर्चाच्या धास्तीने, पोस्टर लावायच्या आधी ती चिकटवली होती. पोस्टरच्या इतर प्रती कदाचित मिळतील, ती पट्टी दुसऱ्या कुठल्याच प्रतीवर तशी नसेल. पंधरा वर्षं ही कागदं जमवताना मी एवढंच शिकलो आहे की या कागदांवर जितकं कमी कराल तितकं बरं, आणि वापराची खूण कधीही पुसायची नाही. पुढची सगळी कृती याच धोरणाने लिहिली आहे.

आधी आपला कोपरा ठरवा

‘जुनी पोस्टरं’ म्हणून सगळंच घ्यायला लागलात तर वर्षभरात घर भरेल आणि हाती काही लागणार नाही. एक कोपरा निवडा. ‘ए’ प्रमाणपत्राचा कोपरा मोठा आहे, आणि त्यातही वेगवेगळ्या गल्ल्या आहेत.

१९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सर्वांसाठीचा ‘यू’ आणि प्रौढांसाठीचा ‘ए’ अशी दोनच प्रमाणपत्रं होती. ‘यूए’ (पालकांच्या देखरेखीखाली मुलांनाही) आणि ‘एस’ (डॉक्टरांसारख्या ठरावीक व्यवसायातल्यांसाठी) ही १९८३ साली आली. म्हणजे तोवर जे जे मुलांना दाखवण्यासारखं नाही ते सगळं एकाच ‘ए’मध्ये कोंबलेलं होतं. १९७०च्या ‘चेतना’सारखा वेश्येच्या आयुष्यावरचा गंभीर चित्रपट तिथे, रामसे बंधूंची भुतंही तिथेच. रामसेंचा ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२चा, महाबळेश्वरला अगदी थोड्या पैशांत चित्रित केलेला. मग १९८४चा ‘पुराना मंदिर’, १९८८चा ‘वीराना’. ‘चेतना’च्या पोस्टरवर नायिकेच्या उघड्या पायांच्या कमानीतून नायक दिसतो. हे चित्र इतकं गाजलं की चित्रपट न पाहिलेल्यांनाही ते आठवतं. तिसरी गल्ली मॉर्निंग शोची. आय. व्ही. शशी यांचा ‘अवळुडे रावुकळ’ हा १९७८चा मल्याळम चित्रपट इतर राज्यांत ‘हर नाइट्स’ या नावाने चालला, आणि तशा कित्येक चित्रपटांची पोस्टरं सकाळच्या खेळांसाठी गावोगाव लागत. दादा कोंडक्यांच्या द्व्यर्थी नावांच्या चित्रपटांची पोस्टरं ही आणखी एक गल्ली, आणि ती पूर्णपणे आपली.

कागदाचा तोच वास असलेला दुसरा कोपरा म्हणजे रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांच्या नायकांची नावं आजही साठीपुढच्या माणसासमोर घेतली की त्याचा चेहरा बदलतो. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या गोव्याच्या मातीतल्या दोन चित्रकारांनी त्या काळातल्या मराठी पुस्तकांच्या वेष्टनांना जो रंग दिला तो मोठमोठ्या चित्रांच्या तोडीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मुळगावकरांनी तुषारयंत्राने चेहऱ्यावर आणलेली ती मऊ झळाळी एकदा ओळखायला शिकलात की सही झाकूनही चित्र कोणाचं ते सांगाल.

शोधायचं कुठे

मुंबईत चोरबाजार, शुक्रवारी पहाटे गेलात तर फुटपाथवरचा मालही दिसतो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. पण माझ्याकडचा निम्मा चांगला ऐवज रद्दीवाल्यांकडून आणि बंद पडलेल्या थिएटरांच्या माणसांकडून आला आहे. तालुक्याच्या गावी जुनं थिएटर पाडताहेत असं कळलं की प्रोजेक्शनच्या खोलीत आणि तिकीट खिडकीच्या माळ्यावर काय आहे ते विचारा. ऑपरेटर, डोअरकीपर, पोस्टर चिकटवणारा माणूस यांच्याशी बोला. कागद मिळाला नाही तरी माहिती मिळते, आणि ती कुठेही छापलेली नसते.

रहस्यकथा घेताना एक गोष्ट लक्षात असू द्या. फिरत्या वाचनालयांनी पुस्तक आलं की वेष्टन फाडून जाड पुठ्ठ्याची बांधणी करायची, अशी सर्रास पद्धत होती. म्हणून मजकूर मिळतो, वेष्टन मिळत नाही. पण काही बाइंडर वेष्टन फेकत नसत, आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवत किंवा पहिल्या पानाआड शिवत. बांधलेलं पुस्तक नाकारण्याआधी पुठ्ठ्याच्या आत बघा. मला झुंजारकथेचं एक वेष्टन असंच मिळालं, पन्नास-साठ वर्षं उजेड न लागल्यामुळे रंग काल छापल्यासारखे.

अस्सल की नक्कल

इथे वेळ द्या. घाईत फसगत होते, आणि पैशांपेक्षा त्याची रुखरुख जास्त लागते.

सोबत तीन वस्तू ठेवा: दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी आणि अतिनील टॉर्च.

भिंगाने आधी चेहऱ्याचा भाग बघा. ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके ठरावीक कोनांत बसून फुलाच्या पाकळ्यांसारखी वर्तुळं करतात. त्याआधीच्या लिथो, म्हणजे शिळाछाप, पोस्टरात ठिपक्यांची अशी शिस्त नसते. हाताने घासलेल्या खडूसारखा, कुठे दाट कुठे विरळ असा कण दिसतो. घरगुती किंवा दुकानातल्या इंकजेटवर काढलेली नक्कल असेल तर शाईचे बारीक तुषार कसेही विखुरलेले दिसतात. आणि अक्षरांच्या कडा बघा. अस्सल पोस्टरात काळी अक्षरं बहुधा भरीव काळ्या शाईची असतात. पोस्टरचा फोटो काढून छापलेल्या नकलेत तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांनी बनलेली असतात. ही एकच खूण दहातल्या आठ नकला पकडून देते.

मग घड्या. चित्रात घडीची पांढरी रेघ दिसते, पण बोट फिरवलं की कागद सपाट लागतो? म्हणजे ती घडी छापलेली आहे. खऱ्या घडीवर शाई तडकून उडालेली असते आणि कागदाचे तंतू उघडे पडलेले असतात. कागद जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलेला माल बाजारात आहे. खरा कागद कडांना आणि घड्यांवर जास्त पिवळा पडतो, मधे कमी. चहाचा रंग सगळीकडे सारखा बसतो आणि मागच्या बाजूलाही तेवढाच असतो.

अतिनील टॉर्चने अंधारात बघितलं की आजचा पांढराशुभ्र कागद निळसर चमकतो, कारण त्यात उजळपणासाठी रसायन घालतात. जुना स्वस्त कागद मंद, तपकिरी दिसतो. एवढ्यावरून मात्र निकाल देऊ नका. सत्तर-ऐंशीच्या दशकांतला बऱ्यापैकी कागदही चमकू शकतो. ही साक्ष दुसऱ्या साक्षीला जोड म्हणून घ्यायची.

माप घ्या. आपल्याकडचं नेहमीचं एकपानी पोस्टर साधारण ३० बाय ४० इंच, उभं. दुप्पट असेल तर ४० बाय ६०. भिंतीवर लावायचे मोठे ‘सिक्स शीटर’ सहा कागद जोडून होत. त्यांचा एखादा तुकडा सुटा मिळाला तर तो पूर्ण पोस्टर म्हणून विकला जातो, म्हणून चित्र कडेला अर्धवट कापलेलं आहे का ते पाहा. ए-३ किंवा ए-२ मापाचं ‘ओरिजिनल’ कोणी दाखवलं तर नमस्कार करून पुढे निघा.

साल ठरवायला तळाची बारीक ओळ वाचा. मुद्रकाच्या किंवा वितरकाच्या पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२च्या नंतरचा, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. ‘बॉम्बे-४’ असा नुसता विभाग असेल तर बहुधा आधीचा, पण खात्री नाही, कारण जुन्या सवयीने तसं पुढेही छापत राहिले. पत्त्यात ‘मुंबई’ इंग्रजी अक्षरांत असेल तर १९९५नंतरचं पुनर्मुद्रण असण्याची शक्यता जास्त. ‘यूए’ची खूण दिसली तर १९८३च्या अलीकडे यायला हवं. पुस्तकांत किंमत बघा. आणे असतील तर १९५७च्या आधीचं, ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधलं. पुढे ‘नवे’ गळून पडलं.

शेवटी एक फरक. चित्रपट पुन्हा लागला की वितरक पोस्टरं पुन्हा छापून घेत. असं पोस्टर नक्कल नसतं. ते खरंच जुनं असतं, पण पहिल्या प्रदर्शनाचं नसतं. विकणाऱ्याने तसं सांगावं आणि घेणाऱ्याने त्याच भावात घ्यावं. नाव बदलून पुन्हा लावलेल्या चित्रपटांच्या पोस्टरांवर नव्या नावाची चिठ्ठी डकवलेली सापडते. ती चिठ्ठी म्हणजे माझ्या लेखी सोनं.

घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस

नवीन कागद थेट जुन्या संग्रहात ठेवू नका. खळीवर जगणारी कसर आणि झुरळांची अंडी सोबत येतात. वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर पसरून ठेवा. खाली भुसा किंवा बारीक काळे दाणे पडले तर कीड आहे. कीड दिसली तर औषध मारायचं नाही. वस्तू जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर बाहेरच्या हवेतलं पाणी कागदावर जमेल. पोस्टर फ्रीजरमध्ये मावत नसेल तर ते आधीच्या घड्यांवरच दुमडा, नवी घडी पाडू नका.

बुरशी असेल तर आधी कोरडं होऊ द्या. ओली बुरशी पुसली की ती कागदात मुरते. कोरडी झाली की गच्चीत किंवा व्हरांड्यात, एन-९५ मास्क लावून, मऊ रुंद ब्रशने स्वतःपासून दूर झटका. फुंकर मारू नका.

साध्या धुळीलाही तोच ब्रश, मधून कडेकडे. त्यानंतर पांढऱ्या खोडरबराचा किसणीवर कीस करून तो कागदावर भुरभुरायचा आणि बोटांच्या टोकांनी अगदी हलकेच गोल फिरवायचा. कीस काळा पडला की झटकून टाका. पेन्सिलीने लिहिलेलं काही असेल तिथे हे करू नका. आणि पाणी नको. जुन्या पोस्टरांतल्या लाल-गुलाबी शाया पाण्याने फुटतात, आणि खळ विरघळून काळ्या पट्टीसारख्या गोष्टी कायमच्या जातात.

डागडुजी, म्हणजे काय करायचं नाही

सुरुवातीच्या दिवसांत मी एक ‘पुराना मंदिर’ एका दुकानात लॅमिनेट करून घेतलं. तेव्हा फार छान दिसलं. सहा वर्षांनी आतल्या आत तपकिरी पडलं, कडांना बुडबुडे आले, आणि आता ते कोणालाही सोडवता येत नाही. उष्णतेने वितळलेला गोंद तंतूंत शिरला आहे. ते पोस्टर मी टाकलेलं नाही. नवीन कोणी संग्राहक आला की आधी तेच दाखवतो.

कारण समजून घ्या. हा कागद लाकडाच्या लगद्याचा आहे. हिंदीत या पुस्तकांना ‘लुगदी साहित्य’ म्हणतात ते उगाच नाही. लगद्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं, आणि कागदावर शाई फुटू नये म्हणून घातलेली तुरटी-राळ हळूहळू आम्ल तयार करते. ते आम्ल तंतू तोडत राहतं. त्यात उष्णता आणि दमट हवा मिळाली की वेग वाढतो. प्लास्टिकमध्ये बंद केल्याने आम्लही आतच कोंडतं.

म्हणून लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही. फाटलेली जागा आपसांत जुळत असेल आणि आणखी फाटायची भीती नसेल तर तशीच सोडा. आधार द्यायचाच असेल तर जपानी कोझो कागदाची हाताने फाडलेली (कापलेली नव्हे) बारीक पट्टी मागच्या बाजूने लावा, खळ शिजवलेल्या गव्हाच्या सत्त्वाची. सत्त्व म्हणजे कुरडयांसाठी गहू भिजवून काढतो तेच, पाण्यात शिजवून, गाळून, गार करून. अगदी कमी ओलाव्याने लावा, वर टिपकागद आणि वजन ठेवा, रात्रभर तसंच राहू द्या. ही खळ पन्नास वर्षांनीही थोड्या ओलाव्याने सुटते, तेच तिचं मोल. आधी एखाद्या फुटकळ कागदावर दहा वेळा हात बसवा.

पूर्ण पोस्टर कापडावर चढवायचं असेल तर ते घरचं काम नाही. कागद-संवर्धकाकडे जा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या कार्यशाळांत चित्रपटांच्या कागदी ऐवजाच्या जतनाचंही शिकवतात. तुमचं पोस्टर तिथे देता आलं नाही तरी योग्य माणसाचा पत्ता लागतो.

पुस्तकांना गंजलेल्या पिना असतील तर चिमट्याने मागचे पाय सरळ करून बाहेर काढा, ओढू नका. त्याच भोकांतून सुती दोऱ्याने सैलसर शिवा.

ठेवायचं कसं

पोस्टर सपाट ठेवणं सर्वांत चांगलं. आम्लमुक्त कागदाच्या दुहेरी फोल्डरात, लोखंडी कपाटाच्या रुंद खणात. लाकडी कपाट टाळा, प्लायमधून वाफा येतात. पुण्यात शिवाजीनगरला १९४०पासून हातकागद संस्था आहे. तिथला सुती चिंध्यांचा कागद फोल्डरसाठी मी वापरतो. कुठलाही कागद घ्या, पण आम्ल तपासणाऱ्या पेनाने एक रेघ ओढून बघा. रेघ जांभळी राहिली तर कागद घ्यावा, पिवळी झाली तर परत करावा. जागा नसेल तर किमान चार इंच व्यासाच्या नळीवर, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून, सैल गुंडाळा. नळीच्या आत खुपसू नका.

पारदर्शक पाकीट हवंच असेल तर पॉलिएस्टरचं घ्या, आत आम्ल शोषणारा क्षारयुक्त कागद सरकवा आणि एक बाजू उघडी ठेवा. पीव्हीसीचं पाकीट वासावरून ओळखू येतं, नव्या रेनकोटसारखा वास.

कोकणपट्टीत खरा शत्रू पावसाळा. हवेतला ओलावा ६५ टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते, आणि जुलैत मुंबईत तो ८०च्या वर सहज जातो. कपाटात स्वस्तातला ओलावामापक ठेवा. सिलिका जेलच्या नारिंगी खड्यांच्या पिशव्या ठेवा, रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ कागदालाही वाईट आणि आपल्यालाही.

भिंतीवर लावायचा मोह होतोच. मग चांगला स्कॅन काढून त्याची प्रत लावा आणि अस्सल कपाटात राहू द्या.

कायदा आणि त्या बायका

अश्लीलतेची तरतूद पूर्वी भारतीय दंड संहितेच्या २९२ कलमात होती, १ जुलै २०२४पासून ती भारतीय न्याय संहितेच्या २९४ कलमात आहे. विक्री, वाटप, जाहीर प्रदर्शन आणि त्यासाठी जवळ बाळगणं हे तिच्या कक्षेत येतं. कला, साहित्य, विद्या यांच्या हितासाठीच्या प्रकाशनाला अपवाद आहे. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका इंग्रजी कादंबरीपायी मुंबईतल्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती. तेव्हाची कसोटी होती, कच्च्या मनाचा माणूस हे वाचून बिघडेल का. २०१४ साली त्याच न्यायालयाने ती जुनी कसोटी सोडून समकालीन समाजाची दृष्टी धरली. सेन्सॉर झालेल्या चित्रपटाचं पोस्टर आणि चोरून छापलेली पिवळी पुस्तकं यांत कायद्याने आणि विवेकानेही फरक करा. अल्पवयीन व्यक्तीचं तसलं चित्र असलेला कागद कितीही ‘दुर्मीळ’ असला तरी घ्यायचा नाही, जवळ ठेवायचा नाही. प्रदर्शन भरवायचं असेल किंवा ऑनलाइन विकायचं असेल तर आधी वकिलाला विचारा.

चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. कागद तुमचा आहे म्हणून त्याचे टी-शर्ट छापता येत नाहीत.

आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. या पोस्टरांवरच्या नट्यांची नावं बहुतेकदा सर्वांत बारीक टायपात असतात, किंवा नसतातच. चित्र त्यांचं, गर्दी त्यांच्यामुळे, नाव मात्र नाही. त्यांतल्या कित्येकजणी आज आजीच्या वयाच्या आहेत. पोस्टर दाखवताना त्यांच्यावर हसू नका, हसू देऊ नका. आणि नाव शोधा. जुन्या गाण्यांच्या चोपड्या, लॉबीतले फोटो, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, जिथून मिळेल तिथून.

नोंद

पोस्टरवर काही लिहायचं नाही, फोल्डरवर लिहायचं, मऊ पेन्सिलीने. माझ्या त्या काळ्या पट्टीवाल्या पोस्टरची नोंद अशी आहे: माप, छपाईचा प्रकार, तळाची ओळ जशीच्या तशी, कुठे घेतलं, कोणत्या दिवशी, किती रुपयांना. ‘छातीवर काळी घोटीव पट्टी, १९ सेंमी लांब, डावीकडे ३, उजवीकडे ५ सेंमी रुंद. मागे निळ्या पेन्सिलीत आजपासून, रोज ४ खेळ. पट्टी काढू नये.’ खाली तीन नावांची जागा: चित्रकार, नायिका, थिएटर. नायिकेचं नाव दोन वर्षांनी सापडलं. बाकीच्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत.

दसरा झाला, ऑक्टोबरचं ऊन कोरडं पडलं की एक रविवार राखून सगळी फोल्डरं खोलीत, सावलीत, पंखा मंद ठेवून उघडा. प्रत्येक कागदाचा वास घ्या. कुबट वास आला तर तो वेगळा काढा आणि पहिल्या पंधरा दिवसांची कृती पुन्हा सुरू करा.